दडलेली किल्ली : एका खेळाचा आस्वाद

दुपारची जेवणे आटोपली, की आमच्या आजीचा एक ठरलेला उद्योग असे. ओसरीवर पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन ती तांदूळ निवडत बसे. लहानपणी मीही तिच्यासमोर बसून खडे शोधू लागे. मला एक खडा सापडेपर्यंत तिने चिमूटभर खडे बाजूला काढलेले असत. एकदा न राहवून मी विचारले, "आजी, तुला इतक्या पटकन कसा गं दिसतो?" ती म्हणाली, "खडा बघायचाच नसतो बाळा. तांदूळ बघत राहायचं. खडा आपणहून डोळ्यांत भरतो."

आता तांदूळ साफ होऊनच पिशवीतून घरी येतो आणि ते सूप माळ्यावर गेले आहे. आजीच्या मांडीवर त्याच्या जागी टॅब्लेट आला आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन नवा चष्मा लागल्यावर आत्याने तो पाठवला. हेतू एवढाच, की परगावच्या नातवंडांची तोंडे तिला पाहता यावीत. धाकट्या बहिणीने त्यात एक खेळ घालून दिला. पडद्यावर एका पडक्या राजवाड्याचे दालन दिसते. दालनात शेकडो वस्तूंचा पसारा. खाली बारा वस्तूंची यादी : किल्ली, घुबड, वाळूचे घड्याळ, मोडका पंखा, चंद्रकोर, आणखी असेच काही. त्या पसाऱ्यातून या बारा वस्तू हुडकून काढायच्या. यादी इंग्रजीत असल्याने ती वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि पाहता पाहता आम्ही दोघेही त्यात रंगून गेलो. "परीक्षा तोंडावर आलीय आणि आजी-नातू किल्ल्या शोधत बसलेत," असे वडिलांनी दोन-तीनदा ऐकवूनही झाले.

वडिलांच्या बोलण्याने मी विचारात पडलो, पण परीक्षेच्या नव्हे. सुपातला खडा शोधणे आणि पडद्यावरची किल्ली शोधणे यांत डोळ्यांचे काम एकच. मग पहिले काम आणि दुसरा खेळ, असे का? पहिल्याने मान अवघडते आणि दुसऱ्याने वेळेचे भान हरपते, हे कशामुळे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

या खेळांना इंग्रजीत 'हिडन ऑब्जेक्ट' म्हणतात. आपण 'दडलेल्या वस्तूंचा खेळ' म्हणू. त्यांचे मूळ कागदावरच्या चित्रांत आहे. अमेरिकेत १९४६ साली निघालेल्या 'हायलाइट्स' या मुलांच्या मासिकात चित्रात लपवलेल्या वस्तू शोधण्याचे पान असे. १९८७ साली मार्टिन हँडफर्ड या इंग्रज चित्रकाराचे 'व्हेअर्ज वॉली?' हे पुस्तक आले आणि गर्दीत हरवलेला तो पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यातला गृहस्थ शोधण्याचे वेड जगभर पसरले. आपल्याकडेही मुलांच्या मासिकांत आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत 'या झाडात दडलेले सात प्राणी शोधा' हे चित्र आपण सर्वांनी पेन्सिलीने गोल करकरून सोडवलेले आहे. पुढे हे चित्र संगणकावर गेले. २००५ साली 'बिग फिश गेम्स' या कंपनीने 'मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल' हा खेळ काढला आणि या प्रकाराला बाजारात मोठी जागा मिळाली. नंतर त्यात जादूगार, शापित राजकन्या, भुताची गलबते असे अद्भुत कथानक मिसळले. पोलंडमधील 'आर्टिफेक्स मुंडी' ही संस्था याच तऱ्हेच्या खेळांसाठी ओळखली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

या खेळातला पहिला आनंद मला भरवशाचा वाटतो. खाली बारा नावे आहेत, याचा अर्थ चित्रात बारा वस्तू आहेतच. सुपात खडा आहे की नाही, असल्यास किती, हे कोणीच सांगितलेले नसते. म्हणून निवडणे संपले तरी मन निःशंक होत नाही. घरात हरवलेली किल्ली शोधतानाही हीच धाकधूक असते, की ती रिक्षातच पडली असेल तर? खेळात ही शंका नसते. यादी म्हणजे खेळ रचणाऱ्याने खेळणाऱ्याला दिलेला शब्दच. 'वस्तू इथेच आहे, तू फक्त पाहा' असे कोणी खात्रीने सांगितले, की कंटाळवाणे शोधणेही उत्कंठेचे होते.

यादीची ही किमया आमच्या वर्गाने गेल्या हिवाळ्यात प्रत्यक्ष अनुभवली. इतिहासाच्या सरांनी आम्हांला पांडवलेणीला नेले. नाशिककराला पांडवलेणी काय नवीन? मुंबई-आग्रा रस्त्याने जाता-येता ती टेकडी दिसते, पाहुणे आले की आपण पायऱ्या चढतो, फोटो काढतो आणि उतरतो. या वेळी मात्र सरांनी पायथ्याशीच प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर दहा वस्तू होत्या. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीचा भार खांद्यांवर घेतलेले यक्ष किती, ते मोजा. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख शोधा. सतराव्या लेण्याच्या नोंदीपुढे तर फक्त ब्राह्मी लिपीतली तीन अक्षरे काढली होती : ही भिंतीवर हुडका.

मी त्या लेण्यांत किमान सात-आठ वेळा तरी गेलो असेन. पण तिसऱ्या लेण्यात जमिनीतून वर आल्यासारखे दिसणारे ते सहा भारवाहक मी कधी मोजले नव्हते, खरे म्हणजे पाहिलेच नव्हते. सतराव्या लेण्यात आम्ही चौघे भिंतीला नाक लावून ती अक्षरे धुंडाळत होतो. सापडली तेव्हा एका मैत्रिणीने टाळीच वाजवली. ती अक्षरे होती 'योणक', म्हणजे यवन. उत्तरेकडून आलेल्या, धर्मदेवाचा पुत्र म्हणवणाऱ्या इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाने ते लेणे कोरविले, असे तो लेख सांगतो. दहाव्या लेण्यातल्या लेखाचा अर्थ सरांनी मग उलगडून सांगितला. उषवदाताने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली होती; दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारांवर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. हीच माहिती वर्गात फळ्यावर लिहिली असती, तर आम्ही ती उतरवून घेऊन विसरलो असतो. पण जे स्वतःच्या डोळ्यांनी हुडकून काढले, ते विसरता येत नाही.

भरवशाइतकाच महत्त्वाचा दुसरा गुण म्हणजे प्रामाणिक लपवणूक. वस्तू लपवणे ही एक कला आहे आणि तिला नीतीही आहे. इथे मानसशास्त्राचा थोडा आधार घेऊ. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी १९८० साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एखादी वस्तू रंगासारख्या एकाच ठळक गुणाने वेगळी असेल तर ती गर्दी कितीही असली तरी चटकन डोळ्यांत भरते. हिरव्या पेरूंच्या टोपलीतला एक लाल पेरू शोधावा लागत नाही. पण वस्तूचे वेगळेपण दोन गुणांच्या जोडीत असेल, तर एकेका वस्तूवर नजर ठेवीत जावे लागते, आणि गर्दी वाढली की वेळही वाढतो. आजीच्या 'खडा आपणहून डोळ्यांत भरतो' या अनुभवाचे मर्म मला हा सिद्धान्त वाचताना थोडेफार कळले. तांदळाच्या पांढऱ्या एकसारखेपणात काळा खडा उठून दिसतो. तांदळाच्याच रंगाचा पांढरा खडा मात्र तिच्याही दाताखाली कधीतरी येई.

चांगला चित्रकार नेमका इथेच कौशल्य दाखवतो. तो किल्ली अंधारात टाकत नाही. खिडकीच्या नक्षीदार जाळीत नक्षीचाच एक भाग करून ठेवतो. चंद्रकोर आकाशात नसते, ती बैलाच्या शिंगांत असते. साप दोरांच्या वेटोळ्यात दोर होऊन पडलेला असतो. वेदान्तात दोरीवर सापाचा भास होतो. इथे सापावर दोरीचा भास, एवढाच फरक. अशी वस्तू सापडली की तोंडातून एकच उद्गार निघतो : "अरे, हे तर समोरच होते!" या उद्गारात थोडी शरम असते आणि पुष्कळ आनंद असतो. चूक चित्राची नव्हती, आपल्या नजरेची होती, हे आपण मनोमन कबूल करतो. उलट, वस्तू मोहरीएवढी करून काळोख्या कोपऱ्यात ठेवली असेल, तर ती सापडल्यावरही आपण चिडतो. पहिल्या चित्राने आपल्याला चकवले, दुसऱ्याने फसवले. चकवा आणि फसवणूक यांतला हा भेद खेळ रचणाऱ्याने जपायला हवा.

शब्दांतही हा चकवा ठेवता येतो. एकदा यादीत 'बो' हा इंग्रजी शब्द आला. मी आजीला सांगितले, "धनुष्य शोध." आम्ही पाऊण तास धनुष्य शोधले, शेवटी बाहुलीच्या केसांतली फीत सापडली, कारण त्या भाषेत तिच्या गाठीलाही तोच शब्द आहे. आजी हसून म्हणाली, "हा तर उखाणाच झाला की!" तिचे खरे होते. आपल्या उखाण्यांची, कोड्यांची, हुमाणांची सारी गंमत शब्दांच्या अशा दुहेरी चेहऱ्यांतच आहे. उद्या कोणी असा खेळ मराठीत रचला तर यादीत नुसते 'पान' लिहावे. खेळणारा पिंपळाचे पान शोधील, पोथीचे पान शोधील, आणि खरे पान तबकात चुना लावून ठेवलेले असेल.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. सापडलेली वस्तू पुढे उपयोगी पडली पाहिजे. खडा सापडला की आपण तो अंगणात फेकून देतो. खेळातली किल्ली सापडली की ती एका दाराला लागते, दारामागे नवे दालन असते, आणि तिथे कथेचा पुढचा धागा असतो. सामान्य दर्जाच्या खेळात बारा वस्तू सापडतात, गुण मिळतात, वस्तू नाहीशा होतात. दहा मिनिटांत कंटाळा येतो. 'नाइटमेअर्स फ्रॉम द डीप' या मालिकेतल्या २०१२ सालच्या पहिल्या खेळात एका संग्रहालयाच्या प्रमुख बाईंच्या मुलीला मेलेला चाचा पळवून नेतो आणि आई तिच्या मागावर निघते. तिथे सापडलेली प्रत्येक वस्तू आईला मुलीच्या एक पाऊल जवळ नेते. म्हणून आपणही तळमळून शोधतो.

वस्तूला असे मोल देणे आपल्या कथापरंपरेला नवे नाही. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. राजपुत्राला पोपट सापडला की राक्षस सापडला. शाकुंतलात दुष्यंताची अंगठी माशाच्या पोटातून निघते आणि तिच्यासह हरवलेली स्मृतीही परत येते. आपल्या पंचवटीतून सुरू झालेला सीतेचा शोध पाहा. रावण नेत असताना तिने उत्तरीयात बांधून खाली टाकलेले दागिने हा शोधणाऱ्यांना मिळालेला माग. आणि हनुमंताने अशोकवनात दिलेली मुद्रिका ही शोध लागल्याची खूण. यांतली प्रत्येक वस्तू लहान आहे, पण तिच्यावर कथा उभी आहे. वेताळपंचविशीत तर वस्तूऐवजी कोडेच आहे. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार. कोडे सुटावे असेही वाटते आणि सुटू नये असेही, कारण सुटले की पुढची गोष्ट ऐकायला मिळते. १९५२ सालापासून मराठीत येऊ लागलेल्या 'चांदोबा'च्या वाचकांना ही ओढ वेगळी सांगायला नको.

मग हे सारे अद्भुताच्या जगातच का घडावे? शोधायची तर किल्ली एखाद्या कचेरीतही शोधता येईल. याचे एक कारण व्यवहाराचे आहे. कचेरीत टेबलावर घुबड असणे विचित्र दिसते. जादूगाराच्या दालनात घुबड, घड्याळ, मोरपीस आणि मानवी कवटी एकाच फळीवर शोभतात. पसारा खरा वाटण्यासाठी जगच तसे लागते. दुसरे कारण रसाचे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितला असून त्याचे दोन प्रकार मानले आहेत : दिव्य वस्तूंच्या दर्शनाने होणारा तो दिव्य, आणि हर्षातून होणारा तो आनंदज. मला वाटते, या खेळात दोन्ही विस्मय एकत्र येतात. नवे दालन उघडताच चांदण्यातला राजवाडा दिसतो, हा दिव्य. आणि त्याच चांदण्यात, इतका वेळ न दिसलेली किल्ली एकाएकी दिसते, हा आनंदज. पहिला विस्मय चित्रकार देतो, दुसरा आपण स्वतः मिळवतो. नुसता पहिला असता तर ते चित्रप्रदर्शन झाले असते आणि नुसता दुसरा असता तर तांदूळ निवडणे.

इथवर गुण गायिले. आता एक तक्रारही मांडली पाहिजे, आणि तीत माझा स्वतःचा मूर्खपणाही आहे. पहिला खेळ संपल्यावर मी आजीसाठी दुसरा उतरवून घेतला. तो फुकट होता. सुरुवातीची दालने सुंदर होती, वस्तू भराभर सापडत होत्या. सातव्या-आठव्या दालनापासून वस्तू बारीक होत गेल्या आणि उजेड मंद. मग पडद्यावर पाटी येऊ लागली : 'तुमची शक्ती संपली, चार तास थांबा किंवा रत्ने विकत घ्या.' सुगावा हवा असेल तरी रत्ने. आजीला थांबावे लागू नये म्हणून मी वडिलांच्या कार्डावरून आधी शंभर आणि मग आणखी तीनशे रुपयांची रत्ने घेतली. दोन दिवसांत ती संपली. वडिलांना मोबाइलवर संदेश गेला आणि घरात जे व्हायचे ते झाले.

आजीने मात्र शांतपणे चष्मा काढला आणि विचारले, "म्हणजे पैसे दिले, की दिसतं?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग हे निवडणं नव्हे रे. यात खडे दुकानदारानंच घातलेत." आणि तिने तो खेळ मिटवला तो कायमचा.

रेशनच्या आणि वाण्याच्या तांदळात आयुष्य घालवलेल्या बाईचे हे मत मला कोणत्याही टीकाग्रंथाइतके नेमके वाटते. लपवणारा आणि शोधणारा यांच्यात एक न बोललेला करार असतो : तू कष्टाने लपव, मी कष्टाने शोधीन, आणि वस्तू दिसावी अशीच तुझी मनातून इच्छा असेल. शोधणाऱ्याला वस्तू दिसू नये यातच लपवणाऱ्याचा फायदा ठरला, की करार मोडला. चित्र तेच राहते, यादी तीच राहते, पण भरवसा उरत नाही. म्हणून एकदाच किंमत घेऊन पुरा खेळ हाती देणारे मला अधिक सचोटीचे वाटतात.

दुसरी मर्यादा खेळाची नाही, यादीचीच आहे. डॅनिएल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चाब्रिस यांचा १९९९ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रफितीतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला, ते प्रेक्षकांना मोजायला सांगितले होते. मधूनच गोरिलाचा वेष केलेली एक व्यक्ती चालत गेली, आणि जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. जे शोधायला सांगितले तेवढेच दिसते, बाकीचे डोळ्यांसमोरून निघून जाते. पांडवलेणीत माझेही तेच झाले. दहाव्या लेण्यात मी उषवदाताचा लेख शोधण्यात गर्क होतो. आमच्यातला एक मित्र कागद पायथ्याशीच हरवून बसला होता, म्हणून तो मोकळाच फिरत होता. त्यानेच आम्हांला आत बोलावले. मागच्या भिंतीवर भैरवाची मूर्ती आहे. तो म्हणाला, "तिसऱ्या लेण्यात याच जागी स्तूप होता ना रे? मग हा भैरव स्तूपातूनच कोरलाय." सरांनी मान डोलावली. मूळचा कोरीव स्तूप घडवून पुढे कोणीतरी त्याचा भैरव केला, हे खरेच आहे. त्या दिवशीची सर्वांत मोठी दडलेली वस्तू ज्याच्याकडे यादी नव्हती त्याला सापडली.

तेव्हा या खेळांनी बुद्धी तल्लख होते, स्मरणशक्ती वाढते, असल्या जाहिराती मी करणार नाही. खेळाने माणूस त्या खेळात तरबेज होतो, एवढे निश्चित. ते कौशल्य इतर कामांत कितपत उतरते, याबद्दल मानसशास्त्रज्ञांत वाद आहे. परीक्षेत तर ते उतरत नाहीच, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. पण खेळाला प्रमाणपत्र कशाला हवे? नीट लपवलेली वस्तू, ती आहेच असा भरवसा, ती सापडल्यावर उघडणारे दार, आणि दारापलीकडचे अद्भुत जग, इतके मिळाले तर तास सार्थकी लागला म्हणावे. शेजारी यादी ऐकणारे कोणी असले, तर तो अधिकच.

सध्या आम्ही एका नव्या खेळाच्या शेवटच्या प्रकरणात आहोत. तो रोख पैसे मोजून घेतला आहे, आणि या वेळी वडिलांना विचारून. काल रात्री यादीतल्या अकरा वस्तू सापडल्या; चांदीची घंटा काही केल्या सापडेना. वडील पाणी प्यायला उठले होते. आमच्यामागे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डावीकडे बघ आई, पडद्याच्या गोंड्यांत." घंटा तिथेच होती. परीक्षेचा विषय त्यांनी काढला नाही. पेला हातात धरून ते आमच्या शेजारी बसले.

(तृतीय वर्ष कला)